सभेची वही : १८४८ सालच्या स्त्री-हक्क परिषदांचे कागद



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले, तेव्हा आम्ही बोनस, किमान वेतन किंवा कंत्राटी कामगार यांवर बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. तीस वर्षे युनियनचे काम केलेल्या माणसाकडून दुसरे काय ऐकायचे? परंतु आम्ही विषय निवडला तो पावणेदोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेच्या एका कोपऱ्यात भरलेल्या स्त्री-हक्क परिषदांच्या कागदपत्रांचा. हे धाडस आहे, याची आम्हांस जाणीव आहे. आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. आमची शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण नगर वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. पण एक वस्तू आम्हांस चांगली ठाऊक आहे. ती म्हणजे सभेची वही.

सभा कितीही मोठी होवो, टाळ्या कितीही पडोत. रात्री सतरंज्या गुंडाळल्या आणि कंदील उतरवले की त्यातले उरते काय? वहीत जे लिहिले असेल तेवढे. पुढे मालकाचा वकील विचारतो, ठराव कुठे आहे, सूचक कोण, अनुमोदक कोण, हजर किती होते? त्या वेळी हजारो माणसांचा गजर उपयोगी पडत नाही. चिटणिसाने लिहिलेल्या चार ओळी उपयोगी पडतात. जे वकिलाचे तेच इतिहासकाराचे. त्याच्यापुढेही वहीच येते. म्हणून चळवळीच्या इतिहासात कोण राहिले, कोण गळाले, हे पाहायचे तर वही कोणी लिहिली आणि कोणाची नावे घेतली, हे आधी पाहिले पाहिजे. आजचे आमचे सांगणे एवढेच आहे. ते १८४८ सालच्या कागदांवरून चांगले समजते, म्हणून त्या कागदांकडे वळू.

न्यूयॉर्क म्हटले की आपणांस मोठे शहर आठवते. पण त्याच नावाचे राज्य आहे, आणि त्याच्या पश्चिम भागात सेनेका फॉल्स हे नदीकाठचे गाव आहे. पाण्याच्या जोरावर तेथे गिरण्या चालत. शेजारी वॉटर्लू नावाचे दुसरे गाव. ९ जुलै १८४८ रोजी, रविवारी, वॉटर्लूच्या जेन हंट या धनिक घरच्या बाईंनी चार जणींना चहाला बोलावले. फिलाडेल्फियाच्या लुक्रेशिया मॉट, त्यांची बहीण मार्था राइट, मेरी ॲन मॅक्‌लिंटॉक आणि सेनेका फॉल्सला राहणाऱ्या एलिझाबेथ कॅडी स्टॅन्टन. यांपैकी स्टॅन्टनबाई सोडून बाकीच्या क्वेकर परंपरेतल्या. क्वेकर हा ख्रिस्ती लोकांतला असा पंथ की ज्याच्या प्रार्थनासभेत स्त्रीलाही उभे राहून बोलता येई. सभेत बोलण्याची सवय या बायकांना धर्मातूनच मिळाली होती.

मॉट आणि स्टॅन्टन यांची ओळख आठ वर्षांपूर्वीची. १८४० साली लंडनला गुलामगिरीविरुद्ध जागतिक परिषद भरली. अमेरिकेतून गेलेल्या स्त्री प्रतिनिधींना तेथे प्रतिनिधी म्हणून बसू दिले नाही. बाजूला बसून ऐका, असे सांगण्यात आले. गुलामांच्या मुक्तीची चर्चा, आणि ती ऐकणाऱ्या बायकांना बोलण्याची बंदी! तेथे या दोघींच्या मनात परिषदेचा विचार आला होता. तो आठ वर्षांनी चहाच्या टेबलावर बाहेर पडला. दोनच दिवसांनी, ११ जुलैला, गावच्या वर्तमानपत्रात परिषदेची जाहिरात छापून आली. जाहिरात देऊन ठेवली आणि मग जाहीरनामा लिहावयास बसल्या. आमच्या मंडळींना ही रीत ओळखीची वाटेल. आधी मोर्चाची तारीख जाहीर करायची आणि मग मागण्यांचे पत्रक लिहायचे, हे आम्हीही केले आहे.

१६ जुलैला मॅक्‌लिंटॉक यांच्या घरी मसुदा झाला. ज्या टेबलावर तो लिहिला गेला ते टेबल पुढे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात गेले. स्टॅन्टनबाईंनी नंतर लिहून ठेवले आहे की, नमुन्यासाठी त्यांनी दारूबंदीच्या व गुलामगिरीविरोधी मंडळ्यांची पत्रके चाळून पाहिली. ती फार मिळमिळीत वाटली. तेव्हा त्यांनी १७७६ सालचा अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा हाती घेतला. त्यात इंग्लंडच्या राजाविरुद्ध गाऱ्हाण्यांची यादी आहे. राजाच्या जागी पुरुष ठेवला आणि यादी नव्याने भरली. ज्या कागदाला सारा देश पवित्र मानतो, त्याच कागदाच्या साच्यात आपली तक्रार घालायची, हे डोके मोठे होय. विरोधकाला साचा नाकारता येत नाही.

१९ जुलैची सकाळ. वेस्लियन चॅपल या लहानशा प्रार्थनामंदिरात परिषद भरायची, तर दाराला कुलूप! स्टॅन्टनबाईंच्या भाच्याला खिडकीतून आत उतरवले आणि आतून दार उघडले. सभेने पहिले काम कोणते केले असेल, तर मेरी मॅक्‌लिंटॉक यांना चिटणीस नेमले. पहिला दिवस स्त्रियांपुरता होता. दुसऱ्या दिवशी सर्वांना प्रवेश. सुमारे तीनशे माणसे जमली. दुसऱ्या दिवशी अध्यक्षस्थानी मात्र पुरुष बसला, लुक्रेशियाबाईंचे यजमान जेम्स मॉट. स्त्रीने संमिश्र सभेचे अध्यक्षपद घ्यावे, एवढी छाती त्या दिवशी खुद्द परिषद भरविणारणींचीही झाली नाही.

आता त्या जाहीरनाम्यातील गाऱ्हाणी पाहा. मताचा हक्क नाही, कायदे करण्यात आवाज नाही, महाविद्यालयाची दारे बंद, लग्न झाले की कायद्याच्या दृष्टीने ती मेल्यासारखीच. हे सारे पुष्कळदा सांगितले जाते. पण त्यात दोन गाऱ्हाणी अशी आहेत की, ती वाचताना आम्ही युनियनच्या कचेरीत बसल्यासारखे झालो. एक असे की, पुरुषाने तिचा मिळकतीवरचा हक्क काढून घेतला, इतकेच काय, तिने मिळविलेल्या मजुरीवरचाही. दुसरे असे की, पैसा देणारे जवळजवळ सगळे धंदे त्याने आपल्याकडे ठेवले, आणि जी कामे तिला करू दिली त्यांचा मोबदला अगदी तुटपुंजा. शेवटच्या बैठकीत लुक्रेशिया मॉट यांनी आणखी एक ठराव मांडला. त्यात निरनिराळ्या धंद्यांत, पेशांत आणि व्यापारात स्त्रीला पुरुषाच्या बरोबरीने वाव मिळावा, अशी मागणी आहे. म्हणजे त्या परिषदेच्या कागदात मताच्या शेजारी मजुरी बसली आहे.

जाहीरनाम्याखाली १०० सह्या झाल्या : ६८ स्त्रियांच्या, ३२ पुरुषांच्या. त्या पुरुषांत एक होता फ्रेडरिक डग्लस. हा गुलामगिरीतून निसटून आलेला कृष्णवर्णीय पुढारी. जवळच्या रोचेस्टर शहरी तो ‘नॉर्थ स्टार’ हे वर्तमानपत्र चालवी. मताच्या हक्काचा ठराव आला तेव्हा लुक्रेशिया मॉट यांच्यासारख्या धीट बाईही कचरल्या. लोक हसतील अशी भीती वाटली. स्टॅन्टनबाई आणि डग्लस यांनी तो उचलून धरला. एकमताने न झालेला ठराव तेवढा तो एकच, आणि तो थोड्या मतांनी संमत झाला, असे स्टॅन्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे लिहिलेल्या इतिहासात आहे.

आणि या परिषदेचा अहवाल कोठे छापला? डग्लसच्याच ‘नॉर्थ स्टार’च्या छापखान्यात. हे आम्हांस फार मोलाचे वाटते. जो कालपर्यंत दुसऱ्याची मालमत्ता समजला जात होता, त्याच्या छापखान्यात बायकांच्या हक्काचा कागद छापला गेला. आज जगाला सेनेका फॉल्स माहीत आहे ते त्या लहानशा छापील पुस्तिकेमुळे. कारण सह्यांचा मूळ हस्तलिखित कागद सापडलेलाच नाही. २०१५ साली अमेरिकेच्या सरकारने आणि राष्ट्रीय अभिलेखागाराने लोकांना जाहीर आवाहन केले की, माळ्यावर, पेटाऱ्यात, जुन्या कागदांत शोधा. एवढे मोठे राष्ट्र, कागद जपण्याची एवढी व्यवस्था, आणि स्त्रियांच्या मागण्यांचा पहिला कागद गहाळ! १७७६ सालचा कागद काचेत ठेवला आहे. १८४८ सालचा कोणाच्या हातून कोठे गेला, याचा पत्ता नाही. कागद आपोआप राहत नाही. कोणीतरी तो राहू द्यावा लागतो.

वर्तमानपत्रांनी परिषदेची इतकी टर उडविली की, सह्या केलेल्यांपैकी काहींनी आपली नावे मागे घेतली. पण पुस्तिकेत नावे छापून झाली होती. त्या नावांत शार्लट वुडवर्ड या मुलीचे नाव आहे. वय अठरा-एकोणीस. ही घरी बसून हातमोजे शिवी. तयार कातलेले तुकडे घरी यायचे, शिवून परत जायचे, आणि मिळालेल्या पैशावर हक्क मात्र तिचा नसायचा. या कामाबद्दलची आपल्या मनातली चीड तिने म्हातारपणी बोलून दाखविली आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये न्यूयॉर्क राज्याने लग्न झालेल्या स्त्रीच्या मिळकतीचा कायदा केला होता. पण तो वडिलोपार्जित जमीनजुमला असणारीच्या कामाचा. स्वतःच्या कमाईवर विवाहित स्त्रीचा हक्क त्या राज्यात कायद्याने मानला गेला तो १८६० साली. १९२० साली अमेरिकन स्त्रियांना राज्यघटनेने मताचा हक्क मिळाला. त्या १०० सह्यांपैकी त्या दिवशी हयात होती ती एकटी ही हातमोजे शिवणारी शार्लट. बहात्तर वर्षे लोटली होती. आजारपणामुळे तिला मत द्यावयास जाता आले नाही.

श्रोतेहो, सेनेका फॉल्सची गोष्ट बहुतेक पुस्तकांत येथे संपते. आम्हांस खरे खेचले ते त्यानंतरच्या दुसऱ्या परिषदेने. दोन आठवड्यांनी, २ ऑगस्ट १८४८ रोजी, रोचेस्टरला ही परिषद भरली. येथे ॲबिगेल बुश या बाईंना अध्यक्ष करावे असे ठरले. गंमत अशी की, मॉट, स्टॅन्टन आणि मॅक्‌लिंटॉक यांनीच विरोध केला. त्यांना हे फार धाडसाचे वाटले. पण रोचेस्टरच्या बायका बधल्या नाहीत. बुशबाईंनी अध्यक्षस्थान घेतले आणि सभा नीट चालविली. पुढची अडचण आवाजाची. बायकांना चारचौघांत मोठ्याने बोलण्याची सवय नाही. मागच्या बाकांवरून ओरडा होऊ लागला, मोठ्याने, मोठ्याने! तेव्हा सॅरा अँथनी बर्टिस नावाची शाळामास्तरीण पुढे आली. वर्गात पोरांवर ओरडून तिचा आवाज कमावलेला होता. तिने चिटणिसाचे काम पत्करले आणि कागद खणखणीत वाचून दाखविले. चळवळीला विचारवंत लागतात, तसा मागच्या बाकापर्यंत पोचणारा आवाजही लागतो.

याच सभेत मिसेस रॉबर्ट्स या बाई बोलल्या. नोंदीत त्यांचे नाव एवढेच आहे. नवऱ्याचे आडनाव उरले, बाईचे स्वतःचे नाव गेले. पण त्यांनी दिलेले आकडे उरले आहेत. रोचेस्टरच्या शिवणकाम करणाऱ्या बायकांना दिवसाची मजुरी सरासरी ३१ ते ३८ सेंट. राहण्याजेवण्याचा खर्च आठवड्याला सव्वा ते दीड डॉलर, तो त्यातूनच जायचा. डॉलरचे शंभर सेंट. आता हिशेब करा. आठवड्याचे सहा दिवस धरले तर कमाई १८६ ते २२८ सेंट. त्यातून १२५ ते १५० सेंट पोटाला आणि छपराला गेले. अगदी वाईट अवस्थेतल्या बाईच्या हाती आठवड्याला ३६ सेंट राहिले. बऱ्या अवस्थेतलीच्या हाती एक डॉलर आणि तीन सेंट. त्यात कपडे, औषध आणि घरी आईबाप असतील तर तेही. आणि हेही रोख नाही. अर्धी किंवा त्याहून अधिक मजुरी चिठ्ठीने मिळे. ती चिठ्ठी ठरावीक दुकानातच चाले, आणि दुकानदार मनाला येईल तो भाव लावी.

हा चिठ्ठीचा कारभार आमच्या भागातील जुन्या कामगारांना समजावून सांगावा लागणार नाही. मालक तोच, दुकान त्याच्या मेव्हण्याचे, आणि मजुरी गूळ-तांदळात. समुद्रापलीकडे, दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या शतकात, पण कुलपाची किल्ली एकच.

त्या सभेने यावर ठराव केला. त्याचा आशय असा : कष्टकरी स्त्रिया नाडल्या जातात असे ज्यांना वाटते, त्यांनी त्यांची मजुरी वाढविण्यासाठी होईल तितके करावे, आणि सुरुवात आपल्या घरच्या मोलकरणींपासून करावी. हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून जरा बसून राहिलो. परिषद भरविणाऱ्या बायका बहुतेक खात्यापित्या घरच्या. घरी कामाला बाई असणाऱ्या. त्यांनी स्वतःच्या चुलीकडे बोट दाखविणारा ठराव केला. ठराव करणे आणि पाळणे यांत अंतर असते, हे आम्हांस आमच्या अनुभवावरून माहीत आहे. पण लेखी कबुली दिली की ती कोणीतरी पुढे दाखवू शकतो. आम्ही आज दाखवीत आहोत, ते त्याचमुळे.

मग प्रश्न असा की, मताचा ठराव जगभर गाजला आणि मजुरीचा ठराव वहीतच का राहिला? स्टॅन्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्त्री-मताधिकाराचा इतिहास लिहावयास घेतला. त्याचा पहिला खंड १८८१ साली निघाला. रोचेस्टरच्या शिवणकाम करणाऱ्या बायकांचे आकडे त्यांनी त्यात छापले. हा त्यांचा मोठा उपकार आहे आणि तो मानला पाहिजे. परंतु ग्रंथाचे नावच मताधिकाराचा इतिहास. तेव्हा धागा मताचा, बाकीचे मणी कडेला. ज्यांनी ग्रंथ लिहिला त्या मताच्या लढाईतल्या सेनापती होत्या. हातमोजे शिवणारीने ग्रंथ लिहिला असता, तर कदाचित मजुरी मध्यभागी आली असती. पण तिला ग्रंथ लिहावयास वेळ कोठला? बायकांचा इतिहास लिहिताना कोणत्या बायकांनी तो लिहिला, हाही प्रश्न उरतोच.

याचे याहून ढळढळीत उदाहरण ओहायओ राज्यातल्या अक्रन गावचे आहे. तेथे २८ व २९ मे १८५१ रोजी स्त्री-हक्क परिषद भरली. अध्यक्ष फ्रान्सिस गेज. या सभेत सोजर्नर ट्रूथ बोलली. ही न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरीत जन्मलेली कृष्णवर्णीय स्त्री. लहानपणीची तिची भाषा डच. तिला लिहितावाचता येत नव्हते. म्हणजे तिचे भाषण टिकायचे, तर दुसऱ्याच्या लेखणीतूनच.

त्या भाषणाच्या दोन नोंदी आहेत. पहिली २१ जून १८५१ची, म्हणजे परिषदेनंतर तीन-साडेतीन आठवड्यांत छापलेली. ओहायओमधील एका गुलामगिरीविरोधी वर्तमानपत्राचे संपादक मारियस रॉबिन्सन सभेला हजर होते, त्यांनी ती छापली. तिच्यात भाषा साधी आहे. मी नांगरले आहे, कापणी केली आहे, लाकडे फोडली आहेत, कोणत्याही पुरुषाइतके काम मला होते. बाईची बुद्धी तुमच्या मापाने लहान असेल, तर तिचे लहान माप तरी भरू द्या, तुमचे काय जाते, असा तिचा रोख आहे. दुसरी नोंद गेजबाईंची. ती छापून आली १८६३ साली, म्हणजे बारा वर्षांनी. तिच्यात आपण स्त्री नाही काय, असा पुनःपुन्हा विचारलेला प्रश्न आहे, दक्षिणेकडील गुलामांची म्हणून समजली जाणारी बोली आहे, आणि तेरा मुलांचा उल्लेख आहे. ट्रूथची मुले पाच. ती उत्तरेची, तिची मूळ भाषा डच. पहिल्या नोंदीत तो प्रश्न नाहीच.

तरी जगात प्रसिद्ध झाली ती दुसरी. शाळांतून पाठ होते ती दुसरी. गेजबाईंचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. त्यांना ट्रूथबद्दल आदर होता. पण आदर असला म्हणून दुसऱ्याच्या तोंडी शब्द घालण्याचा परवाना मिळत नाही. आम्ही पुढारी मंडळी हे रोज करतो. कामगार बोलतो एक, पत्रकात छापतो दुसरे. म्हणे त्याला असेच म्हणायचे होते! ट्रूथचे खरे शब्द शोधायला विद्वानांना इतकी वर्षे कष्ट करावे लागले, कारण तिच्या हाती लेखणी नव्हती आणि ज्यांच्या हाती होती त्यांना घाई होती.

हे सारे परमुलखातले झाले, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे. त्याच १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात फुले पतिपत्नींनी मुलींची शाळा काढली. सेनेका फॉल्सच्या चाळिसाव्या वर्षानिमित्त १८८८ साली वॉशिंग्टनला स्त्रियांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा पंडिता रमाबाई तेथे होत्या आणि हिंदी स्त्रियांविषयी बोलल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहिले. तेथील स्त्रिया मंडळ्या कशा काढतात आणि कामे कशी चालवितात, हे मराठी वाचकाला त्यांनी घरबसल्या सांगितले. आणि गहाळ कागदांचे म्हणाल, तर बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. ती विस्मृतीत गेली, आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापली तेव्हा महाराष्ट्राला कळले की आपल्याकडेही असे कोणी लिहून गेले आहे. मध्ये ९३ वर्षे गेली.

आमच्या कामगार चळवळीचे पाहा. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० सालच्या एप्रिलमध्ये मुंबईत गिरणी कामगारांची मोठी सभा भरविली. सुमारे दहा हजार कामगार जमले. आठवड्याला एक दिवस सुटी, ही मागणी. त्या सभेत दोन गिरणी कामगार स्त्रिया बोलल्या. थोड्याच दिवसांत मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. तो रविवार आपण आजवर उपभोगतो. पण दहा हजारांपुढे उभ्या राहून बोललेल्या त्या दोघी कोण? आम्ही वाचलेल्या इतिहासांत ‘दोन स्त्रिया’ एवढेच शब्द आहेत. १८९० साली, दहा हजार पुरुषमाणसांत, बाईने उभे राहून बोलायचे! आणि वहीने तिला नावही दिले नाही.

इथवर आम्ही दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या. आता स्वतःची उघडतो, नाहीतर हे व्याख्यान खोटे होईल.

१९९६ साली आमच्या भागात विडी वळणाऱ्या बायकांचा झगडा झाला. शार्लट वुडवर्डसारखेच काम. पाने आणि तंबाखू घरी आणायची, विड्या वळून परत द्यायच्या. कारखानदार पाने कमी तोलून देई, आणि हजार विड्या भरल्या नाहीत की मजुरी कापी. देवळाच्या आवारात सभा झाली. पुढे काय करावे यावर आम्ही पुरुष तासभर वाद घालीत होतो. तेव्हा एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, आधी पाने आमच्या डोळ्यांदेखत तोला, मग बाकीचे बोलू. मागणीचा मुद्दा तोच ठरला, आणि झगडा त्याच मुद्द्यावर जिंकला. चिटणीस आम्ही होतो. वही आम्ही लिहिली.

पुढे चौदा-पंधरा वर्षांनी त्याच बाई भविष्यनिर्वाह निधीच्या कामासाठी आमच्याकडे आल्या. कारखान्याच्या कागदावर त्यांची पहिली बारा वर्षे नव्हतीच. त्या काळात काम सासूच्या कार्डावर चाले. त्या सुमारास आपण तेथे कामाला होतो, याला काही पुरावा हवा होता. आम्ही मोठ्या विश्वासाने जुनी वही काढली. त्या सभेचे पान सापडले. आमचेच अक्षर. सूचक म्हणून एका पुरुष कार्यकर्त्याचे नाव, अनुमोदक म्हणून दुसऱ्याचे, आणि खाली एक ओळ : ‘उपस्थित स्त्री कामगारांनी टाळ्यांच्या गजरात पाठिंबा दिला.’

आम्ही ते त्यांना वाचून दाखविले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “भाऊ, म्हंजी तुमच्या वहीत बी आमी न्हाईच व्हय?”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर आम्हांस बरे वाटले असते. कारखानदाराने नाव लिहिले नाही, ते पैसे वाचविण्यासाठी. आम्ही का लिहिले नाही? आम्हांस त्यातून एक पैसाही मिळणार नव्हता. लिहावेसे वाटले नाही, एवढेच कारण. एका वहीतल्या नावाने ती बारा वर्षे मिळालीच असती, असे आम्ही म्हणत नाही. पण दाखवायला काहीतरी हाती असते. ती वर्षे त्यांच्या हिशेबात शेवटपर्यंत आली नाहीत.

त्या दिवसापासून आमच्या युनियनमध्ये एक नियम आहे. बोललेल्या प्रत्येक बाईचे नाव वहीत येते. आधी तिचे स्वतःचे, मग वडिलांचे किंवा नवऱ्याचे. सही येत नसेल तिचा अंगठा, आणि अंगठ्याखाली नाव. मुद्दा तिने मांडला असेल तर सूचक तीच, मग ती कार्यकारिणीवर असो वा नसो. शेवटी इतिवृत्त वाचून दाखवायचे आणि मी असे म्हटले नव्हते, असे तिने सांगितले तर खोडून पुन्हा लिहायचे. याने सभा लांबतात, कार्यकर्ते कुरकुरतात. कुरकुरू द्यावे.

भगिनींनो आणि बंधूंनो, आपल्या या गावातही महिला मंडळे झाली, भजनी मंडळे झाली, दूध संस्था झाल्या, पाण्यासाठी हंडे घेऊन मोर्चे निघाले. त्यांच्या वह्या कोठे आहेत? कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या ट्रंकेत, कोणाच्या रद्दीत. आमची विनंती अशी की, या व्याख्यानमालेच्या निमित्ताने त्या शोधाव्यात आणि वाचनालयात आणून द्याव्यात. वाचनालयाने त्यांच्या प्रती काढून मूळ वही परत द्यावी. आणि ज्या वह्यांत नावे नाहीत, त्या सभांना गेलेल्या आज्या अजून हयात आहेत तोवर त्यांच्याकडे जाऊन विचारावे, त्या दिवशी कोण उठले होते, काय बोलले होते. त्यांनी सांगितलेले त्यांच्याच शब्दांत लिहावे. गेजबाईंसारखे आपले शब्द त्यात मिसळू नयेत.

मिसेस रॉबर्ट्स यांचे स्वतःचे नाव आज कोणी सांगेल की नाही, आम्हांस शंका आहे. मुंबईच्या त्या दोघींचेही तेच. पण आपल्या गल्लीत राहणाऱ्या, आपल्याच सभेत बोललेल्या बाईचे नाव लिहिणे अजून आपल्या हातात आहे. आजच्या सभेचीही वही कोणीतरी लिहीत असेल. व्याख्यान संपल्यावर प्रश्न विचारण्यासाठी ज्या भगिनी उठतील, त्यांनी आधी आपले नाव सांगावे आणि चिटणिसांनी ते लिहून घ्यावे, एवढी विनंती करून आम्ही आमचे भाषण पुरे करतो.